चोथा

तिरुआच्या खालच्या खडकांपासून तेमुकोपर्यंत
बैलगाडीला चार दिवस लागतात.
क्लावेल डाव्या अंगाला, पालोमो उजव्या,
मागे गाडीत माणसाच्या उंचीवर गेलेली रास,
वाळलेल्या समुद्राची.

हो, वाळतो समुद्र.
आधी ओहोटीला कमरेपर्यंत पाण्यात उतरायचं,
खडकाला मूठ आवळून बसलेला बुंधा कोयत्यानं सोडवायचा.
पाठीमागून येणारी लाट बघायची नाही, ऐकायची.
(बाबांचा थोरला भाऊ एकदा बघायला वळला.)
मग ते बुळबुळीत चऱ्हाट खांद्यावरून ओढत वर आणायचं,
वाळूवर पसरायचं.
ऊन, दव, ऊन, दव.
काळपट होतं ते जुन्या गुळाच्या रंगावर येतं,
आणि आई घड्या घालून जुड्या बांधते,
त्याच्याच वादीनं.
सुतळीला पैसे मोजणं तिला मान्य नाही.

आमच्या बोलीत कोल्योफ.
बाजारात कोचायुयो: उत्तरेकडच्या डोंगरी लोकांचा शब्द,
समुद्राची भाजी.
शब्दसुद्धा कुणाच्या तरी पाठीवरून आला असणार.

घरी ते निखाऱ्यावर भाजून बटाट्यात शिजे,
कोवळा बुंधा उकडून कांदा-कोथिंबिरीशी.
गहू कमी पडलेल्या वर्षी नुसतंच.
मी वसतिगृहात आले तेव्हा कळलं
की त्याला वास असतो.
पोरी म्हणाल्या, तुम्ही लोक चपलेचे पट्टे खाता.
मी हसले. सगळ्यांच्या आधी हसले.

नोकरी लागली. गल्ली मिळाली. दारावर नवऱ्याचं नाव लागलं.
आणि एका जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात,
मी बाबांना म्हटलं,
आमच्या गल्लीत हाळी देऊ नका.
ते म्हणाले, बरं.

अकरा वर्षं बेलिसारियो लिंकोपीची गाडी
माझ्या दारावरून मुकी गेली.
कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान आलं की
मग ओरडायचे.
चाकांचा आवाज तेवढा
त्यांना गिळता आला नाही.

गेल्या हिवाळ्यात पेपरात वाचलं:
दक्षिणेला, मोन्ते व्हेर्देच्या ओढ्याकाठी
दलदलीच्या मातीत चोथे सापडले होते,
कुणीतरी चघळून टाकलेले,
शेवाळ आणि बोल्दोची पानं एकत्र.
चौदा हजार वर्षांचे. आणि समुद्र तेव्हा तिथून
कैक दिवसांच्या वाटेवर.
म्हणजे तेव्हाही कुणीतरी वाहून आणतच होतं.
कुणाचं पोट दुखत असेल, की दाढ?
थुंकलं असेल आणि विसरला असेल.
तो कागद मी घडी करून फडताळात ठेवला,
साखरेच्या डब्याखाली.

या जानेवारीत मान्केचे दात येत होते.
तीन रात्री त्यानं घर झोपू दिलं नाही.
नवऱ्यानं आणलेली रबराची रिंग त्यानं भिंतीवर फेकली.
चौथ्या सकाळी चाकं ऐकू आली,
हाळी नाही.
मी अनवाणी खाली गेले, पोर कडेवर.

बाबा म्हणाले, थांबलो नव्हतो गं, क्लावेलच अडला.
क्लावेल कधी अडत नाही.

मी विचारलं, जुडी केवढ्याला?
म्हणाले, भवानी आहे, तुम्ही सांगाल तो भाव.
तुम्ही.
मग जुडीतून बोटभर तुकडा मोडला,
सदऱ्याला पुसला,
आणि भाव ठरायच्या आत पोराच्या मुठीत दिला.

संध्याकाळपर्यंत तो चघळत होता.
लाळ, मीठ, हनुवटी, माझी बाही.
मग झोपला, आणि मुठीतून चोथा
गळून फरशीवर पडला.
उचलून दिव्यापाशी धरला:
दातांची खूण नव्हती कुठेच.
नुसती ओल.